डोक्याच्या ऑपरेशननंतरचं दुखणं गावात कोण बघणार?

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

तुमच्या पेपरात नशेच्या गोळ्या पकडल्या, मेडिकलवर धाड पडली अशा बातम्या येतात, यायलाच पाहिजे, पण ज्याला ह्याच जातीच्या, म्हणजे अफूच्या जातीच्या दुखणं मारणाऱ्या औषधाची खरंच गरज आहे त्याच्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. माझं आर्णी तालुक्यात छोटं मेडिकल आहे. आमच्याकडचे पेशंट डोक्याच्या ऑपरेशनला नागपूरले नाहीतर वर्धेकडे जातात, कोणाला गाठ असते, कोणी गाडीवरून पडलेला असते, महात्मा फुले योजनेत काम होऊन जाते अन माणूस डोक्याला पट्टी बांधून गावात परत येते. मग डोकं ठणकते अन घरचे माझ्या काउंटरवर, भाऊ दुखण्याची एखादी भारी गोळी द्या न.

मेंदूला स्वतःला दुखत नाही हे खरं आहे पण वरची कातडी, कानशिलाचा स्नायू, मेंदूवरचं आवरण हे सगळं कापलेलं असते, ते दुखणारच. पहिले दोनेक दिवस तर बऱ्याच जणांना चांगलंच दुखते. तरी मॉर्फिन, फेंटानिल अशी अफूच्या जातीची औषधं डॉक्टर हात राखून देतात, अन त्यांची भीती काही खोटी नाही. पेशंट झापडला तर ते औषधानं की आत रक्तस्राव होऊन राहिला हे समजत नाही, डोळ्याच्या बाहुल्या बारीक होतात म्हणून टॉर्च मारून पाहायची खूण जाते, अन श्वास मंदावला की रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढून मेंदूतलं प्रेशर वाढते. पण आयसीयूत मॉनिटर असते, सिस्टर असते, ह्या औषधांवर नॅलोक्सोनचा उतारा असते. तिथं पॅरासिटामॉल चालू ठेवून, टाळू बधिर करायचं इंजेक्शन देऊन, वरून थोडं थोडं मॉर्फिन मोजून देता येते. तिथं तरी माणसाला कण्हत ठेवायचं काही कारण नाही.

गावात मात्र उलटंच चालते. कोणीतरी ट्रामाडॉल, तेही ह्याच जातीचं, देऊन टाकते, इंजेक्शन नाहीतर पॅरासिटामॉलसोबतची जोडगोळी, काहून की ते ओळखीचं आहे अन मॉर्फिनचं नाव काढलं की सगळे घाबरतात. आता ट्रामाडॉलनं फिट येऊ शकते, अन डोक्याच्या ऑपरेशनचा पेशंट बहुतेक वेळा आधीच फिटच्या गोळीवर असते! चिठ्ठी नसली तर मी देत नाही, पण नाही म्हटल्यावर तो माणूस कुठं जाते मला माहीत आहे. कोडीन हे ह्याच जातीचं आणखी एक औषध, त्याचाही भरवसा नाही, ते शरीरात गेल्यावर मॉर्फिन बनते अन मग काम करते, काहींच्या शरीरात ते बनतच नाही, काहींच्यात जास्तच बनते.

कायदा आडवा येते म्हणावं तर 2014 मध्येच एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, मॉर्फिन, फेंटानिल, कोडीन ही अत्यावश्यक औषधांत टाकली, दवाखान्याला पाच जागचे परवाने नको, राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता पुरते. अफूची सरकारी लागवड तर आपल्या शेजारीच, मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचकडं. तरी तालुक्याच्या दवाखान्यात विचारा मॉर्फिनच्या गोळीचं, लोक तुमच्याकडंच संशयानं पाहतील. (मेडिकलवाला धंद्यासाठी बोलून राहिला असं कोणी म्हणेल, तर बाप्पा ती गोळी एवढी स्वस्त आहे की तिच्यात सुटत काहीच नाही.)

मोठ्या दवाखान्यांनी सुट्टीच्या कार्डावर मराठीत लिहून द्यावं, दुखलं तर कोणती गोळी, किती तासांनी, कोणती अजिबात घ्यायची नाही. अफूच्या जातीची गोळी दिली तर पोट साफ व्हायचं औषधही सोबतच लिहावं, कारण कोठा जड झाला की माणूस जोर करते अन डोक्यावर ताण येते. अन हे ठळक लिहावं की दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतच चाललं, उलट्या, झापड, ताप, फिट, जखमेतून पाणी, असं काही झालं तर गोळी शोधत बसू नका, गाडी करा अन निघा. आता येणारे कार्ड इंग्रजीत, तेही कार्बन कॉपी, मलाच भिंग लागते.

अन जिल्हा शल्यचिकित्सक साहेबांनी एवढं तरी जाहीर करावं की जिल्ह्यात कोणत्या सरकारी दवाखान्यात मॉर्फिनची गोळी मिळते अन त्यासाठी कोणता कागद लागते, म्हणजे काउंटरवर आलेल्या माणसाला मला पत्ता तरी सांगता येईल.

आपला,
एक मेडिकलवाला, ता. आर्णी, जि. यवतमाळ