आधी वासे बघू या

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर आपल्या गळक्या छपराचा विषय निघाला की सगळ्यांचेच आवाज चढतात, म्हणून लिहून पाठवते. सावकाश वाचा, आईला चष्मा लावून बाबांनी वाचून दाखवलं तरी चालेल.

दादा म्हणतो सगळं उतरवून पत्रे टाकू. बाबा म्हणतात फुटकी कौलं बदलली की झालं. मला वाटतं, दोघंही कौलांकडे बघून बोलताहेत आणि निर्णय लाकडाकडे बघून घ्यायला हवा. चांगलं भाजलेलं मातीचं कौल शंभर वर्षंसुद्धा टिकतं. त्याच्याखालच्या रिपा, म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या लाकडी पट्ट्या, आणि खिळे मात्र तेवढे टिकतीलच असं नाही. कौल फुटलं तर पाणी आत येतं, पण वासा कुजला तर छप्परच खाली येतं.

मधल्या खोलीत गळतं म्हणून कारागीर दर वेळी मधल्या खोलीवरचीच कौलं चाळवून जातो. पण पाणी जिथं टपकतं तिथंच शिरतं असं नाही. वर आढ्याजवळ, म्हणजे छपराच्या सगळ्यात उंच रेघेजवळ, शिरलेलं पाणी वाशाच्या खालच्या अंगानं घसरत येतं आणि एखादा खिळा किंवा गाठ आडवी आली की तिथून ठिबकतं. माझा संशय दोन जागांवर आहे: आढ्यावरच्या कोन्यांखालचं, म्हणजे तिथल्या वाकड्या कौलांखालचं सिमेंट, जे भेगाळलेलं खालूनही दिसतं, आणि मागच्या खोलीचं छप्पर मोठ्या छपराला मिळतं तो सांधा. दोन्हीकडचं पाणी त्या सांध्यातल्या पन्हळीत उतरतं. पाला साठून ती तुंबली की पाणी कौलाखाली शिरणारच.

आई, इथं तुझी मदत सगळ्यात मोलाची आहे. कोणत्या पावसात गळतं ते तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. पाऊस सुरू होताच गळतं की बऱ्याच वेळानं? सरळ पावसात गळतं की वाऱ्याबरोबर तिरका मारा आला तरच? तिरक्या पावसातच गळत असेल तर कौलं फुटलेली नसतीलही, वारा पाणी जोडाखाली वर ढकलत असेल. बऱ्याच वेळानं गळत असेल तर पाणी लांबून येतंय. एका कागदावर लिहून ठेव, कारागिराला तोच दाखवू.

आता लाकडाचं. सुताराला माळ्यावर चढवून जाड स्क्रूड्रायव्हरनं प्रत्येक वासा टोचून बघायला सांगायचं. टोक सहज आत गेलं तर तो भाग गेला. भिंतीत बसलेली टोकं विसरायची नाहीत, ओल तिथं साठते आणि कुजायला तिथूनच सुरुवात होते. नुसतं काळं पडलं म्हणून लाकूड टाकायचं नाही. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या वर राहिली तर बुरशी वाढते, त्याखाली वाळलं की कूज पुढे सरकत नाही. ओल मोजायचं दोन पिनांचं छोटं यंत्र मिळतं, ते मी घेऊन येते. आणि बाबा, अंगणातून लांब उभं राहून आढ्याची रेघ बघा. मधे झोळ दिसला तर मला लगेच कळवा.

कूज त्या सांध्याभोवतीच असेल तर छपराची तेवढीच उतरती बाजू उघडायची, रिपा आणि लागेल तो वासा बदलायचा, पन्हळ नवी घालायची आणि धड असलेली आपलीच कौलं परत चढवायची. बाबांचं म्हणणं मग जवळजवळ बरोबर. पण वासे ठिकठिकाणी मऊ निघाले किंवा आढं वाकलेलं असलं, तर डागडुजीला माझा ठाम नकार आहे. कुजलेल्या लाकडावर नवी कौलं चढवणं म्हणजे तुमच्या डोक्यावर धोका ठेवणं.

पत्र्यांबद्दल दादाचा मुद्दा खोटा नाही. अर्ध्या मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला जेमतेम ४ किलो भरतो, कौलं ४० किलोच्या आसपास. भार खूप हलका होतो. पण आज त्याच भारानं छप्पर वाऱ्यात जागेवर राहतंय. पत्रे टाकायचे तर वासे भिंतीला पट्ट्यांनी जखडावे लागतील. शिवाय उन्हाची धग आणि पावसाचा आवाज दिवसभर घरात तुम्हाला सोसायचाय, आम्हाला नाही. स्लॅबचा विचार तर सोडाच. दहा सेंटिमीटरचा स्लॅब चौरस मीटरला २४० किलोच्या घरात जातो. इंजिनिअरनं भिंती आणि पाया तपासल्याशिवाय जुन्या घरावर तो चढवता येत नाही.

तोवर दोन-तीन गोष्टी कृपा करून करू नका. कौलांवर डांबर किंवा सिमेंट फासू देऊ नका. आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही आणि लाकूड लवकर कुजतं. पडवीवरच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यांना भोक पाडू नका, ते तोडू-घासूही नका, त्यांत अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता आहे आणि त्याची धूळ फुफ्फुसाला घातक असते. ताडपत्री टाकायची तर ती आढ्यावरून पलीकडे गेली पाहिजे, नाहीतर पाणी तिच्याखालून शिरेल. ती कारागीर टाकेल. बाबा, तुम्ही शिडीला हात लावायचा नाही. दिव्याजवळ थेंब दिसला तर त्या खोलीची वीज मेनस्विचपासून बंद करा.

बाबा मागे म्हणाले, "आमचं आता किती राहिलंय, एवढा खर्च कशाला?" ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. छप्पर आमच्यासाठी, पुढच्या पिढीसाठी वगैरे करायचंच नाहीये. आईला रात्री बादली रिकामी करायला उठावं लागू नये आणि तुम्हाला तुमच्या पलंगावर कोरडं झोपता यावं, यासाठी करायचंय. ते एका वर्षासाठी असलं तरी मला ते महाग वाटणार नाही. खर्च दादा आणि मी वाटून घेऊ, आमचं बोलणं झालंय.

पाऊस उघडला की मी येते. सुताराला माझ्यासमोरच वर चढवू, वासे टोचून झाले की तिथंच ठरवू. त्याआधी कुणालाही आगाऊ पैसे देऊ नका.

तुमची,
धाकटी