बंड्याला पत्र, एका भाडेकरूकडून

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. तळमजल्यावरच्या काकांकडून जागा खाली करून घ्यायची म्हणून तू वकील गाठलास, हे वाचलं. लेकाचं लग्न झालं की जागा लागणारच, कबूल. पण मी जन्माचा भाडेकरू. तेवढं धरूनच माझं ऐक.

आमचा दावा 8 वर्षं चालला, तुला माहीतच आहे. मालकांना जागा स्वतःसाठी हवी होती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 16 मध्ये हे कारण बसतं, पण जास्त अडचण कोणाची, हेही कोर्ट तोलून बघतं. ते शाबीत करता करता दोन्हीकडून नुसती उणीदुणी. आईच्या दम्याचे कागदही कोर्टात गेले! शेवटी न्यायाधीशांनी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 खाली मध्यस्थीला पाठवलं.

मध्यस्थ बाई निकाल देत नव्हत्या. आधी समोरासमोर, मग एकेकाला वेगळं बसवून ऐकत. तिथलं बोलणं कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही, म्हणून माणसं मोकळी होतात. मालक एकदम म्हणाले, "वडील गेले तेव्हा यांच्यातलं कुत्रंही फिरकलं नाही." खरं होतं. त्याच आठवड्यात आम्हाला नोटीस आली होती, म्हणून कोणी गेलं नाही. त्यांना नोटिशीची तारीखच आठवत नव्हती. ती वकिलाने पाठवलेली.

त्यानंतर दोन बैठकांत मिटलं. मुलीची दहावी होईपर्यंत मुदत, सामान हलवायचा खर्च त्यांचा, भाडं आम्ही शेवटपर्यंत भरायचं.

एक मात्र कर. घरच्या घरी स्टँप पेपरवर लिहून घेऊ नकोस. संमतीच्या अटी कोर्टात दाखल करून हुकूमनामा घे, आणि तुझी गरज काकांना मान्य आहे हे त्यात स्पष्ट येऊ दे. नुसत्या राजीखुशीवर भाडेकायद्याखाली ताब्याचा हुकूमनामा टिकत नाही. दावा लावण्याआधीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. आधी तेच कर. काका नुसता वेळच काढत असतील तर एकदोन बैठकांत कळेल, मग खुशाल दावा लाव.

आणि काकूंचे गुडघे गेलेत म्हणालास ना? मग त्यांच्यासाठी बघायची ती जागाही तळमजल्याचीच बघ.

तुझा,
अण्णा