जर-तरचं इंग्रजी तीन प्रकारांत मावत नाही

संपादक महोदय,

शाळेत इंग्रजीतलं 'इफ' शिकवताना अजूनही जर-तरच्या वाक्यांचे तीन प्रकार (होऊ शकणारं, नुसतं कल्पनेतलं, होऊन गेलेलं) पाठ करून घेतात, रिकाम्या जागा भरल्या की झालं. पण रोजच्या बोलण्यात लोक नुसतं 'इफ यू कुड साइन हिअर' म्हणून थांबतात, पुढचं वाक्य येतच नाही, ती अट नसून विनंती असते हे आपल्या पोरांना कोणी सांगतच नाही. 'इफ आय वॉज यू' तर सर्रास बोलतात, परीक्षेत मात्र 'वेअर'च हवं (औपचारिक लिखाणात ते ठीकच आहे). आणि 'इफ आय हॅड टेकन दॅट जॉब, आय वुड बी इन लंडन नाऊ', म्हणजे अट कालची, परिणाम आजचा, हे कुठल्या प्रकारात टाकायचं? पाठ्यपुस्तकात असे खरे संवाद घाला, मुलांना ऐकवा, बोलू द्या.

– एक पालक, सातारा