रविवारच्या तयारीत सारे घर हवे

महोदय,

रविवारीच करून ठेवायच्या आठवड्याच्या स्वयंपाकाच्या पूर्वतयारीबद्दल वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून वरचेवर लिहिले जाते आणि त्यातली माहिती उपयोगीही असते. परंतु असे लेखन बहुतेक वेळा ‘मैत्रिणींनो’ या शब्दाने सुरू होते आणि माझा आक्षेप नेमका त्या शब्दाला आहे.

गेली २४ वर्षे मी भांडुपहून फोर्टला नोकरीसाठी लोकलने जाते, त्यामुळे या तयारीचे मोल मी जाणते. परतीच्या गाडीत मांडीवर पिशवी घेऊन मेथी आणि गवार निवडणाऱ्या बायकांत मीही होते. पुढे ते काम रविवारी दुपारी घरीच उरकू लागले. रविवारी सकाळी भिजत घातलेली मटकी रात्री उपसून पंचात घट्ट बांधली की सोमवारी रात्रीपर्यंत मोड येतात आणि मंगळवारच्या डब्याची चिंता मिटते. मेथी मात्र न धुता निवडावी आणि कोऱ्या कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवावी, कारण ओली ठेवलेली जुडी लवकर काळी पडते. एका पावसाळ्यात उत्साहाच्या भरात मी शुक्रवारपर्यंतचे ओल्या नारळाचे वाटण एकदम करून ठेवले आणि गुरुवारी सकाळी आंबलेला डबा मोरीत ओतावा लागला. तेव्हापासून आमची तयारी बुधवारपर्यंतचीच असते. भात तर आम्ही आधी शिजवून ठेवतच नाही. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही तग धरतात, भात तासन् तास बाहेर राहिला तर ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेले एक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही.

हे सारे करताना सुट्टीचा दिवस कोणाचा खर्ची पडतो, हा माझा खरा प्रश्न आहे. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती याच शहरात, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखालील लढ्यानंतर, १८९० साली. त्या वर्षी एप्रिलमध्ये झालेल्या कामगारांच्या प्रचंड सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली होती. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. जी सुट्टी मागायला स्त्रियाही उभ्या राहिल्या, तिच्यात त्यांच्या वाट्याला विसावा किती येतो, हे प्रत्येक घराने स्वतःशी पडताळून पाहावे.

‘तू सांग, मी करतो’ असे आमच्या घरीही म्हटले जाई आणि त्यामागची भावना चांगलीच होती. तथापि तूरडाळ संपत आली आहे, मुलाच्या गणवेशाचे बटण तुटले आहे, मंगळवारी गॅसचा सिलिंडर येणार आहे, हे सारे डोक्यात वागवण्याचे काम माझ्याकडेच उरे, आणि त्याचाच शीण मोठा असतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही भिंतीवरच्या कालनिर्णयशेजारी एक वही टांगली. जिन्नस ज्याच्या हातून संपेल त्याने तो वहीत लिहायचा. यजमानांनी इस्त्री आणि बुधवारनंतरच्या डब्यांचा विचार पूर्णपणे स्वतःकडे घेतला, तर मटकी आणि भाजी निवडणे सोळा वर्षांच्या मुलाकडे गेले. सुरुवातीला मेथीत जाड देठ राहत. पुन्हा निवडायला हात शिवशिवत, पण मी तो आवरला, कारण आपण दुरुस्त करत बसलो की ते काम आपल्याकडेच परत येते. आता रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी तासभर झोपते.

आपल्या पुरवणीत यापुढे असा मजकूर येईल तेव्हा तो घरातल्या सगळ्यांना उद्देशून लिहिलेला असावा आणि सोबतच्या छायाचित्रात भाजी निवडणारे वडील आणि मुलगाही दिसावेत, एवढी विनंती आहे.

आपली,
एक वाचक, भांडुप (पूर्व), मुंबई