पूर्वी थाप पचायची

कऱ्हाड, रविवार दुपार

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उशिराबद्दल शिव्या घाल, पण आधी वाच.

वकिली सोडून बँकेत गेलास तेव्हा म्हणाला होतास, "तारखा घेण्यात जन्म जायचा." जन्म जातोच आहे, पण तारखेवरची आपली मक्तेदारी गेली. पक्षकार आपल्या खटल्याचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर न्यायालयांच्या ई-कोर्ट्स अ‍ॅपमध्ये घालतो आणि पुढची तारीख माझ्याआधी त्याला कळते. परवा एका आजोबांनी मला धरलंच. "साहेब, तुम्ही हजर होता म्हणालात, आणि रोजनाम्यात, कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, तर गैरहजर!" नातवानं मोबाइलवर वाचून दाखवलेलं. मी त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात अडकलो होतो. पूर्वी असली थाप सहज पचायची रे.

खरी गंमत पुराव्याची आहे. एक बाई उसन्या पैशांच्या दाव्यासाठी आल्या. समोरच्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर "दिवाळीनंतर देतो" असं चक्क कबूल केलेलं. पण हातात नुसते छापील स्क्रीनशॉट, आणि फोन? नवा घेताना जुना दुकानात देऊन टाकला! नव्यात जुने मेसेज आलेच नाहीत. मी कपाळाला हात लावला.

तुझ्या वेळचं पुराव्याच्या कायद्यातलं कलम ६५-ब आठवतं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या छापील प्रतीसोबत प्रमाणपत्र मागणारं? १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं. आता प्रमाणपत्रावर यंत्र सांभाळणाऱ्याबरोबर तज्ज्ञाचीही सही लागते, आणि त्यात हॅश लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समज. आत एक टिंब बदललं तरी ठसा बदलतो. तालुक्याला असा तज्ज्ञ कुठून आणू, हे मात्र कायद्यात लिहिलेलं नाही.

या प्रमाणपत्राचा गाजलेला निकाल आपल्या जालन्याचाच, बरं का. २०१४ च्या विधानसभेला उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, हा वाद. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतलं चित्रीकरण होतं, पण मागूनही प्रमाणपत्र मिळेना. खोतकर विरुद्ध गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालय, जुलै २०२०: प्रमाणपत्र हवंच; मूळ यंत्रच कोर्टात आणून मालकानं साक्ष दिली तर गोष्ट वेगळी. म्हणजे त्या बाईंचा जुना फोन असता, तर तोच साक्षीला उभा केला असता. आता बँकेच्या खातेउताऱ्यावर भिस्त आहे, तुझ्याच जातभाईंची कृपा!

आणि ज्युनिअरचं ऐक. पोरगी हुशार आहे, पण युक्तिवादाचं टिपण एआयकडून लिहून आणलं. भाषा अशी की मीच चाट पडलो. त्यात १९९६ चा एक निवाडा, खंड-पानासकट, अगदी आपल्या बाजूचा. इतका आपल्या बाजूचा की संशय आला. बार लायब्ररीत जाऊन पान काढलं, तर तिथं विक्रीकराचं भलतंच प्रकरण! २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी असलेच बनावट निवाडे दाखल केले होते. ५,००० डॉलर दंड बसला. तिला ते सांगितलं तेव्हा बिचारीचा चेहरा उतरला. आता प्रत्येक निवाडा मूळ पानावर पाहिल्याखेरीज ती सही करत नाही.

लायब्ररीत का जावं लागलं, विचार. माझ्या कपाटात नेमका १९९६ चा तो खंड नाही. तू वाचायला म्हणून नेलास, आठवतंय का? दिवाळीला येशील तेव्हा घेऊन ये. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुऱ्या