माई, त्या चौकोनांबद्दल

ती. स्व. माईंना,
सा. न. वि. वि.

वेंगुर्ल्याला तुमच्या पडवीत मला शिकायचं होतं तोरण आणि तुम्ही करायला लावलेत चौकोन. दोरा तोच पांढरा सुती, क्रोशाची सुई तीच, टाका तेवढा दर वेळी वेगळा. तोरणाचा विषय काढला की तुमचं ठरलेलं, "घाई कित्याक करतंस?" आज हे जाहीर आभार मानते ते त्या चौकोनांबद्दल. टाके काय, व्हिडिओ बघूनही येतात. कापड असं का झालं, ते तुम्ही हातात देऊन समजावलंत.

मुका खांब या टाक्याचा चौकोन ताठ आणि जाड. टाके बुटके, एकमेकांना चिकटलेले. खांब या दुसऱ्या टाक्यासाठी आधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा. एवढ्यानेच टाका उंच होतो, कापड मऊ पडतं. ओळ वळताना मुक्या खांबाला एक साखळी आणि खांबाला तीन, हे मला पाठ होतं. त्या तीन साखळ्या म्हणजे खांबाची उंचीच, हे तुम्ही बोट लावून दाखवलंत. मग एक खांब, दोन साखळ्या, खालचे दोन टाके सोडून पुन्हा खांब, की झाली जाळी. मला सगळ्यात आवडला तो खालच्या टाक्याच्या माथ्यावरच्या दोन धाग्यांपैकी मागचाच धागा उचलून केलेला मुका खांब. सुती दोरा लोकरीसारखा ताणत नाही, पण या टाक्यात उंचवटे येतात आणि कापड चक्क ताणलं जातं! मोठी सुई घेतली तर मुका खांबही सैल पडतो, ते वेगळंच.

त्यात आपल्याकडचा पाऊस. जुलैत मुक्या खांबाचा जाड रुमाल वाळता वाळत नाही, जाळीचा मात्र लवकर वाळतो. बाजाराच्या पिशवीला तुम्ही तळ मुक्या खांबाचा आणि वर जाळी का धरलीत, ते नारळ भरल्यावर कळलं. जाळी ओढली जाऊन लांबते, तळ आपला आकार सोडत नाही.

शिकवण्याचे पैसे विचारले तर रागावलात. म्हणून दोऱ्याचे गुंडे पाठवते आहे, तुमच्या १.२५ मिलिमीटरच्या सुईला चालावेत इतके बारीक. जाड वाटले तर परत पाठवू नका, पिशव्यांना वापरा.

कळावे, लोभ असावा.
तुमची विद्यार्थिनी