मुलगे मैदानावर कशाला?

महोदय,

गोव्यातल्या सरकारी शाळांत लैंगिक शिक्षण सक्तीचे करावे, असे पालकांच्या बैठकीत कोणी म्हटले की ‘संस्कृती बुडेल’ ही ओरड ठरलेली. शेजारच्या महाराष्ट्रानेही 2007 मध्ये याच धास्तीने शाळांतला असा कार्यक्रम बंद केला होता. गोव्याने मात्र स्वतःचा बाल कायदा 2003 मध्येच केला, मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या केंद्राच्या पॉक्सो कायद्याच्या नऊ वर्षे आधी. कायदा करण्यात आपण पुढे, वर्गात बोलायची वेळ आली की बोबडी वळते.

आमच्याकडे मासिक पाळीवर बोलायला बाई आल्या, की मुलींना सभागृहात बसवतात आणि मुलग्यांना चेंडू देऊन मैदानावर पिटाळतात. तीच पोरे मग खिडकीला लटकतात! दहावीच्या विज्ञानातला प्रजननाचा धडा ‘सोपा आहे, घरी वाचा’ म्हणून उरकला जातो. घरी मुले मोबाईलवर काय वाचतात, ते विचारू नका.

2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सर्वंकष लैंगिक शिक्षणाची सूचना केली आहे. विषय सक्तीचा कराच, पण आधी शिक्षकांना प्रशिक्षण द्या आणि सगळे ओझे विज्ञानाच्या शिक्षकावर टाकू नका. अंगाला नको तिथे हात लागला तर कोणाला सांगायचे, हे पहिलीतल्या पोरालाही कळले पाहिजे. विरोध करणाऱ्या पालकांच्या हातात छापील अभ्यासक्रम ठेवा. निम्मा विरोध न वाचताच होतो, असे माझे मत.

– एक पालक, डिचोली